टॅम्परमंकी वापरून मूडलवर रुब्रिक: वेळ कुठे वाचतो, गाडी कुठे अडते

वाशी-नेरूळ-ऐरोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत टर्मवर्कचे २५ गुण रुब्रिकप्रमाणे, म्हणजे निकष आणि त्यांचे स्तर ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे, द्यायचे म्हटलं की खरा वेळ तपासण्यात जात नाही, रुब्रिक मूडलवर चढवण्यात जातो. मूडल म्हणजे कॉलेजची ऑनलाइन शिकवणी-तपासणीची प्रणाली. पाच निकष, प्रत्येकाचे चार स्तर, म्हणजे एका प्रयोगाला वीस वर्णनं आणि वीस गुण. मूडलमध्ये प्रत्येक चौकट क्लिक करून उघडायची. तोच तक्ता एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) फाइलसाठी एक्सेलमध्ये आधीच टाइप केलेला असतो, याचा राग जास्त येतो.

टॅम्परमंकी हे ब्राउझरचं फुकट एक्स्टेंशन. त्यात चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) ठेवली की रुब्रिकच्या पानावर एक बटण येतं. एक्सेलमधला तक्ता कॉपी करून पेस्ट करायचा, चौकटी भरून मिळतात. दहा प्रयोगांचे निकष वेगवेगळे असतील तर याला तोड नाही. सगळ्यांना एकच रुब्रिक असेल तर मात्र स्क्रिप्टच्या भानगडीत पडू नका. मूडलमध्ये जुना फॉर्म शोधताना 'माझे फॉर्म' टिक केलं की तोच पुन्हा घेता येतो.

स्क्रिप्ट लिहिताना क्रम सांभाळा. मूडल नवा निकष जोडताना आधीच्या निकषाचे स्तर आणि गुण उचलतं. म्हणून पहिल्या निकषाचे चारही स्तर आधी पूर्ण करा, मगच 'निकष जोडा' दाबायला लावा. पुढचे स्तर आपोआप तयार होतात. भरलेला मजकूर पडद्यावर लगेच दिसत नाही, 'संपादनासाठी क्लिक करा' हेच दिसत राहतं. इथे घाबरून बटण पुन्हा दाबलं की निकष दुप्पट होतात. ड्राफ्ट सेव्ह करा आणि पान पुन्हा उघडून बघा.

बिघाड बहुतेक वेळा एक्सेलमधून येतो. सेलमध्ये आल्ट-एंटर मारून ओळ तोडली असेल तर पेस्ट करताना रांगा सरकतात. '३-४' असं इंग्रजी आकड्यांत टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं, म्हणून तो कॉलम आधी 'टेक्स्ट' करून घ्या. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधलं मराठी पेस्ट केलं तर नुसती अक्षरांची खिचडी उमटते. वर्णनं युनिकोडमध्येच हवीत.

क्रोममध्ये एक्स्टेंशन टाकूनही स्क्रिप्ट चालत नसेल तर त्या एक्स्टेंशनच्या तपशिलात 'यूजर स्क्रिप्ट्सना परवानगी' चालू करा; थोड्या जुन्या आवृत्तीत डेव्हलपर मोड लागतो. फायरफॉक्समध्ये ही कटकट नाही. लॅबच्या पीसीवर एक्स्टेंशनच बंद असतील तर आयटीवाल्यांशी बोलणं आलं.

कुणीतरी ग्रुपवर टाकलेली स्क्रिप्ट न वाचता चालवू नका. ती तुमच्या लॉगिननं चालते आणि त्या लॉगिनला मुलांचे गुण बदलता येतात. स्क्रिप्टची 'मॅच' ओळ (ती कुठल्या पानावर चालावी हे ठरवणारी) फक्त आपल्या कॉलेजच्या मूडलच्या रुब्रिक-संपादन पानापुरती ठेवा. टॅम्परमंकीचा कोड खुला नाही. ते खटकत असेल तर फायरफॉक्समध्ये खुल्या कोडचं व्हायोलेंटमंकी घ्या, काम तेच होतं.

एक टिक स्क्रिप्टवर सोडू नका: 'रुब्रिकचे किमान गुण ० धरून ग्रेड काढा'. पाच निकष, स्तर १ ते ४ गुणांचे असतील, तर सगळीकडे खालचा स्तर मिळालेल्या मुलाला टिक असताना २५ पैकी ६.२५ पडतात, टिक नसताना शून्य. 'रुब्रिक तयार' दाबण्याआधी हे हातानं तपासा, कारण तपासणी सुरू झाल्यावर बदल केला की मूडल जुन्या ग्रेड पुन्हा बघायच्या का, असं विचारतं.