तीन बॉलवालं श्वासाचं यंत्र : खराब पीस नाहीये, तुम्ही फुंकताय!

बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी हे घ्यायला सांगितलं. तीन खणांत तीन बॉल आणि एक नळी, बघून वाटलं लहान मुलांचं खेळणंच पाठवलंय. बाबांनी नळी तोंडात धरून जोर लावून फुंकलं, बॉल ढिम्म हलेना, म्हणाले खराब पीस आलाय परत कर, आणि मी रिटर्न टाकणारच होते तेवढ्यात फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं की फुंकायचं नाही, हवा आत ओढायची. अहो मग बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहायला काय जातं यांचं?? आतला कागद भिंग घेऊन वाचावा लागतो. एक स्टार त्याचा कापला.

बाकी वस्तू कामाची आहे. फुप्फुसाला स्वतःला हवा ओढता येत नाही, ते काम मुख्यतः खालचा स्नायूचा पडदा करतो, डायफ्राम. तो खाली सरकला की छातीत जागा होते आणि हवा आत येते. पण पोटाला टाके असले की दुखतं, माणूस वरवर श्वास घेतो, मग फुप्फुसाच्या तळाचे बारीक वायुकोश मिटतात आणि कफ साठायला लागतो. एरवी आपण अधूनमधून नकळत उसासा टाकतो ना, त्यात ते परत उघडतात, दुखण्यात तेही बंद. शिवाय साध्या एका श्वासात मोठा माणूस साधारण 500 मिली हवा घेतो, त्यातली 150 च्या आसपास तर श्वासनळ्यांतच राहते, रक्तापर्यंत पोचतच नाही, म्हणजे उथळ श्वास भराभर घेतले तरी त्यातला बराचसा वायाच. म्हणून सावकाश, खोल श्वास घ्यायला लावणारं हे यंत्र.

आता खरी तक्रार. खणांवर 600, 900, 1200 लिहिलंय, ते मिली नाही, दर सेकंदाला मिली. म्हणजे बॉल वेग दाखवतो, एकूण किती हवा गेली ते नाही. बाबा एक झटका मारून तिन्ही बॉल टणकन वर न्यायचे आणि मॅच जिंकल्यासारखं आमच्याकडे बघायचे. उपयोग काहीच नाही! सावकाश ओढत पहिला बॉल दोन-तीन सेकंद वर तरंगत ठेवणं जास्त अवघड आणि तेच हवं असतं. यंत्र तिरकं धरलं तर बॉल सहज चढतो, हा शोध बाबांनी तिसऱ्या दिवशी लावला, तेव्हा समोर बसून लक्ष ठेवा.

एका दमात वीस-वीस वेळा करू नका, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन गरगरतं, आमच्याकडे झालंय. नळी सैल आहे, सारखी निसटते. आणि हवा किती गेली तेच मोजायचं असेल तर हे घेऊ नका, पिस्टनवालं मिळतं ते बघा.