पॅनहार्ड डायना झेड : नऊ महिने आणि 4,200 किलोमीटरनंतर

माझी डायना, पॅनहार्ड या फ्रेंच कंपनीची जुनी मोटार, 1955च्या वसंतातली आहे, म्हणजे अंगानं पूर्ण ॲल्युमिनियमची. एवढं खात्रीनं म्हणता यावं म्हणून मी चार गाड्या बघितल्या, त्यातल्या तीन सोडल्या. फ्रान्समध्ये, ल्यों शहरात राहत असल्यामुळे हे हिंडणं जमलं.

गाडी 1953मध्ये लोकांसमोर आली, विक्री 1954मध्ये सुरू झाली. लांबी 4.57 मीटर, बसायला सहा माणसं, वजन जेमतेम 710 किलो. इंजिन 851 सीसी, दोन आडवे सिलिंडर, हवेवर थंड होणारं. मारुती 800पेक्षा फक्त 55 सीसी जास्त, आणि तेवढ्यावर ही ऐसपैस गाडी ताशी 130च्या घरात जायची. हे जमलं ते हलक्या अंगामुळे. पण तेच अंग कंपनीला जड गेलं. पत्रे कापताना वाया जाणाऱ्या ॲल्युमिनियमचा हिशेब सुरुवातीला नीट धरलाच नव्हता. 1955च्या शरदापासून सांगाडा पोलादी झाला. त्याच वर्षी सित्रोएन या दुसऱ्या फ्रेंच मोटार कंपनीनं पॅनहार्डमध्ये हिस्सा घेतला, आणि 1967मध्ये पॅनहार्डच्या मोटारी बनायच्या बंद झाल्या. आज हे नाव आपल्याकडच्या मेकॅनिकच्या तोंडी असतं ते जीपसारख्या गाड्यांच्या मागच्या ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे. तो याच कंपनीचा.

आता ओळखण्याचं. जाहिरातीत सगळ्याच डायना ‘ॲल्युमिनियमच्या’ असतात. पहिल्या गाडीच्या मालकानं माझ्यासमोर दाराला चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. मी खूश झालो. रात्री कराडला बाबांना फोन केला. त्यांनी तीस वर्षं गॅरेज चालवलं आहे. ते म्हणाले, “अरे, दाराला काय लावतोस? दार कुठल्याही गाडीचं आणून बसवता येतं. छपराला लाव, दाराखालच्या पट्टीला लाव.” दुसऱ्या दिवशी छपराला चुंबक टपकन चिकटलं. नंतर कळलं की दार बदललेलं असायचीही गरज नाही: सांगाडा पोलादी झाल्यावरही दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण काही काळ ॲल्युमिनियमचंच राहिलं. त्यामुळे फक्त दारावरून निकाल देऊ नका. छप्पर, खांब, दाराखालची पट्टी तपासा, आणि गाडीवर ठोकलेल्या ओळखपट्टीवरचा टाइप व नंबर कागदपत्रांशी ताडून बघा.

दुरुस्तीत मी एक चूक केली आणि ती महाग पडली. रंग काढायला गाडी जवळच्या एका बॉडीशॉपमध्ये दिली. माणसं कष्टाळू होती, पण रोजचं काम पोलादाचं. पोलादावर फिरवलेली घासायची चकती त्यांनी तशीच या पत्र्यावर फिरवली. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले आणि दोन महिन्यांत नव्या रंगाखाली फोड आले. उजवी बाजू पुन्हा उघडावी लागली. ॲल्युमिनियमसाठी चकत्या, ब्रश, सगळं वेगळं ठेवणाराच कारागीर शोधा. कॉस्टिक सोड्याचा रंग-काढू तर जवळही आणू नका, तो पत्राच खातो. दुसऱ्या कारागिरानं पत्रा स्वच्छ करून लगेच इपॉक्सी प्रायमर मारला आणि जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला भिडतो तिथे प्रत्येक ठिकाणी नायलॉनचा वॉशर घातला. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. या गाडीचा खरा आजार तोच.

इंजिनाची मला भीती होती, ती फुकट गेली. व्हिडिओवर उघडं इंजिन बघून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हेड गॅस्केट कुठंय रे?” हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या झाकणामधली, म्हणजे हेडमधली, सील करणारी पट्टी. ती इथे नाहीच. हेड आणि सिलिंडर एकाच ओतकामात आहेत. व्हॉल्व्हला कॉइल स्प्रिंग नाहीत, टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या आहेत. मला हे इंजिन अतिशय सुंदर वाटतं. मात्र क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, रोलर बेअरिंगवर फिरतो आणि ते बदलायचं तर क्रँक प्रेसवर सुटा करावा लागतो, म्हणून तेल स्वच्छ हवं. मी दर 1,500 किलोमीटरला बदलतो.

चालवताना कमी आरपीएमवर ती थरथरते, धापा टाकते. गिअर एक खाली घेऊन इंजिन मोकळं पळू द्यायचं. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद बसवणारी जोडणी नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये. 80-90च्या वेगाला 100 किलोमीटरमागे मला साडेसहा लिटर पेट्रोल लागतं. ड्रम ब्रेक लांब उतारावर तापतात. आणि ऱ्होन नदीच्या खोऱ्यात मिस्त्राल हा उत्तरेकडचा जोरदार वारा सुटला की हलकी, लांब गाडी बाजूला ढकलली जाते; अशा दिवशी मी ती काढत नाही.

कागदांचं काम सरळ आहे. फ्रान्समध्ये तीस वर्षांवरच्या गाडीला ‘कलेक्सिऑं’, म्हणजे जुन्या संग्राह्य गाडीची नोंदणी मिळते, आणि 1960पूर्वीची असेल तर तिला नियमित तांत्रिक तपासणीतून सूट असते. म्हणूनच ब्रेकचे होज आणि चाकांची बेअरिंग मी दर सहा महिन्यांनी स्वतः बघतो.

मागच्या आठवड्यात गाडी धुताना मागच्या डाव्या चाकाच्या वर, एका बोल्टभोवती चिमूटभर पांढरी भुकटी दिसली. दुसऱ्या कारागिराच्या हातून सुटलेला तो एकच बोल्ट असावा. नोव्हेंबरात चाक आणि आतलं अस्तर काढून ती जागा उघडणार आहे. वॉशर आणून ठेवले आहेत.