ग्रँड नॅशनल घ्यावी की टर्बो ट्रान्स ॲम?

डेट्रॉइटच्या आसपास राहून जुन्या गाड्यांच्या नादाला न लागणं अवघड आहे. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते, तिथे एकदा चक्कर मारली की माणूस हिशेब करायला लागतो. व्ही-एटवाल्यांची, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनवाल्यांची, मला चिंता नाही, त्यांना सल्ले देणारे गल्लोगल्ली आहेत. पण १९८७ ची ब्यूइक ग्रँड नॅशनल की १९८९ ची पॉन्टिॲक टर्बो ट्रान्स ॲम, या पेचात अडकलेले तुरळक लोक असतात, हे त्यांच्यासाठी. मीही त्यात बरेच दिवस अडकलो होतो. जीएनएक्स या ग्रँड नॅशनलच्या खास आवृत्तीचा विषय सुरुवातीलाच सोडून देऊ. त्या ५४७ च बनल्या आणि आज त्यांच्या किमती विचारायच्या नसतात.

दोन्हींत इंजिन घराणं एकच, ब्यूइकचं ३.८ लिटर टर्बो व्ही-सिक्स. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही तोच. मॅन्युअल हवा असेल तर दोन्ही विसरा. कागदावर ब्यूइकची ताकद २४५ हॉर्सपॉवर, पॉन्टिॲकची २५०. ट्रान्स ॲमचा आकडा त्याच जनरल मोटर्सच्या मानाच्या स्पोर्ट्स कारचा, कॉर्व्हेटचा, मान राखायला कमी सांगितला, असं जाणकार मंडळी म्हणतात. माझ्याकडे ताकद मोजणारा डायनो नाही, पण चालवल्यावर मला तरी ते खरं वाटलं. त्याला कारणही आहे. ट्रान्स ॲमच्या बॉनेटखाली हे इंजिन रुंदीला बसेना, म्हणून फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या ३.८ चे सिलिंडर हेड घेतले. गरज जागेची होती, पण त्या हेडमधून एक्झॉस्ट जास्त मोकळा जातो, तो फायदा आयताच पदरात पडला. १९८९ च्या इंडियानापोलिस ५०० ला हीच गाडी पेस कार, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांच्या पुढे धावणारी गाडी, होती, आणि त्यासाठी इंजिनाला हात लावावा लागला नाही.

ग्रँड नॅशनलचा रुबाब मात्र वेगळाच. चौकोनी, काळीकुट्ट, क्रोम जवळपास नाहीच. सिग्नलला शेजारी येऊन थांबली की आजही लोक मान वळवून बघतात. पांढऱ्या ट्रान्स ॲमला बघून निम्मे लोक ‘ऐंशीच्या दशकातली अजून एक फायरबर्ड’ म्हणून सोडून देतात (ट्रान्स ॲम ही फायरबर्डचीच एक आवृत्ती), कारण वेगळेपण सांगणारी फेंडरवरची छोटी पट्टी लांबून दिसत नाही. ब्यूइक जागेलाही ऐसपैस आहे. आई-बाबा भारतातून आले तर ब्यूइकमध्ये आरामात बसतील. ट्रान्स ॲममध्ये त्यांना आधी वाकवायचं आणि मग हात धरून उठवायचं. आणि १९८७ साली एवढ्या वेगवान गाडीला ८५ मैलांपर्यंतचाच स्पीडोमीटर देणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार.

पार्टच्या बाबतीतही ब्यूइक पुढे. १९८७ मध्येच वीस हजारांवर ग्रँड नॅशनल बनल्या, टर्बो रीगल टी-टाइप वेगळ्या (ग्रँड नॅशनलही मुळात ब्यूइक रीगलच). टर्बो, इंजेक्टर, चिप, इंटरकूलर, काय हवं ते दोन दिवसांत घरपोच येतं. टर्बो ट्रान्स ॲम जेमतेम साडेपंधराशे. बॉडी आणि सस्पेन्शनचं सामान साध्या फायरबर्डचंच असल्याने मिळतं, पण तिचे हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) किंवा टर्बोची पाइपिंग शोधायला निघालात तर संयम बाळगा.

एवढं वाचून ब्यूइकच घ्यावी असं वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. मग मी तिचा ब्रेक दाबला.

साध्या गाडीत ब्रेकला मदत करतो इंजिनाच्या ओढीवर चालणारा व्हॅक्यूम बूस्टर. टर्बो इंजिन बूस्टवर असताना, म्हणजे टर्बो आत हवा कोंबत असताना, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, म्हणून ब्यूइकमध्ये पॉवरमास्टर नावाची वेगळी युक्ती केली होती. मास्टर सिलिंडरलाच जोडलेला इलेक्ट्रिक पंप, दाब साठवून ठेवणारा गोल ॲक्युम्युलेटर आणि पंप चालू-बंद करणारा प्रेशर स्विच. पेडल दोन-चारदा दाबलं की बॉनेटखालून आवाज येतो, शेजारच्या घरात मिक्सर लागावा तसा, आणि थोड्या वेळाने थांबतो. हे तिचं निरोगी रूप. या युनिटची दुखणी ओनर मंडळींत जगजाहीर आहेत. ॲक्युम्युलेटर बसला की दर दाबाला पंप सुरू होतो. पंप किंवा स्विच गेला की डॅशवर लाल दिवा लागतो, पेडल कडक होतं आणि गाडी थांबवायला पाय रोवून जोर लावावा लागतो. मागे ड्रम ब्रेक असल्याने हौसेने भरवसा ठेवावा असं आधीच फार काही नाही.

मी पाहिलेल्या गाड्या चांगल्या होत्या, ब्रेक एकदाही दगा देऊन गेला नाही. तरी चालवताना माझे कान त्या पंपाकडेच. आत्ता लागला, किती वेळ चालला, थांबला का? रेडिओ बंद, शेजारी बसलेल्याचं बोलणं बंद. हायवेच्या रॅम्पवर एवढा सुंदर बूस्ट येतोय आणि मी पुढच्या सिग्नलची काळजी करतोय. हा माझा स्वभावदोष म्हणा हवं तर, अनेकांना त्या आवाजाचं काही वाटत नाही.

न्यायाने बघितलं तर ती रचना वेडगळ नाही. ड्रॅग स्ट्रिपवर डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने ॲक्सिलरेटर देत बूस्ट चढवायचा, मग ब्रेक सोडून उसळायचं, ही या गाडीची खरी मजा. त्या क्षणी व्हॅक्यूम बूस्टर कमी पडतो आणि पॉवरमास्टर गाडी धरून ठेवतो. पण रस्त्यावर आपण ब्रेक दाबतो तो ॲक्सिलरेटर सोडून, आणि तेव्हा व्हॅक्यूम हजर असतो. ट्रान्स ॲममध्ये साधा व्हॅक्यूम बूस्टर आणि चारही चाकांना डिस्क आहेत. पेडल दाबलं, गाडी थांबली, विषय संपला.

यावर उपाय आहेत. बरेच जण पॉवरमास्टर काढून व्हॅक्यूम बूस्टर बसवतात, किंवा शेवी ॲस्ट्रो व्हॅनचा हायड्रोबूस्ट, जो पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालतो. काम नीट झालं असेल तर माझ्या मते अशी गाडी मूळ ब्रेकवाल्या गाडीपेक्षा चांगली. अडचण एवढीच की पूर्ण ओरिजिनल म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि मग पहिलं काम ओरिजिनल भाग काढायचं, हे माझ्या मनाला पटेना.

ट्रान्स ॲम गुणांची पुतळी आहे असं नाही. हेडलाइट वर-खाली करणाऱ्या मोटरच्या आतले प्लास्टिकचे गिअर झिजतात आणि एक डोळा मिटलेला राहतो. दारं लांब आणि जड, बिजागऱ्या सैल होऊन ती खाली लटकतात. बॉनेटखाली इतकी दाटी की प्लग बदलायला बसलं की तोंडून शिव्या निघतात. पण यातलं एकही दुखणं मला चालत्या गाडीत घाबरवत नाही. वळणावर तर तुलनाच नको. ब्यूइक सरळ रेषेची राणी, वळणावर ती विचार करून वळते. ट्रान्स ॲमचं सस्पेन्शन मुळात वळणांसाठी केलेलं, आणि व्ही-सिक्समुळे नाकावर वजनही कमी.

तेव्हा ड्रॅग स्ट्रिपवर जायचं असेल, स्वतः पाने-पक्कड हातात घ्यायची हौस असेल, किंवा लहानपणापासून मनात काळी गाडीच बसली असेल, तर ग्रँड नॅशनल घ्या. बघायला जाल तेव्हा इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून पेडल आठ-दहा वेळा दाबा आणि पंप कधी थांबतो ते ऐका. डिकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर डब्ल्यूई-२ हा कोड आहे का तेही बघा, कारण काळा रंग कोणत्याही रीगलला देता येतो.

बाकीच्यांनी, म्हणजे गाडी रविवारी बाहेर काढून लांब फेरफटका मारणाऱ्यांनी, निदान एकदा टर्बो ट्रान्स ॲम चालवून बघावी असं मी सुचवेन. बहुतेक सगळ्या टी-टॉपच्या, म्हणजे छताचे दोन तुकडे काढता येणाऱ्या, आहेत, तेव्हा सौदा करण्याआधी छतावर बागेतल्या नळीने पाणी मारा आणि सीटखालचं कार्पेट हाताने चाचपा. माझ्या गाडीचं रबर मी बदललंय, तरी पावसात डाव्या कोपऱ्यातून थेंब येतोच. फडकं दाराच्या कप्प्यात ठेवलेलं असतं.