२,७९९ ची अँटी थेफ्ट बॅग आणि शिंप्याने शिवलेला चोरखिसा, दोन्ही रोमला नेऊन आणले

आधी स्टार्स देऊन टाकते म्हणजे ज्यांना एवढं वाचायचं नाही ते सुटतील. बॅगेला पाचातले तीन, आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, चोरखिशाला पाचातले पाच, आणि बॅगेच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या त्या आरएफआयडी ब्लॉकिंगला, म्हणजे चिप लांबून वाचू न देण्याच्या सोयीला, भोपळा. आता सविस्तर.

२०२५ च्या मे अखेरीस आम्ही तिघं इटलीला गेलो, मी, नवरा आणि सासूबाई. त्यात ते ज्युबिलीचं वर्ष निघालं, म्हणजे कॅथलिकांचं दर पंचवीस वर्षांनी येणारं यात्रेचं वर्ष, आणि नवे पोप येऊनही जेमतेम तीन आठवडे झालेले. त्यामुळे रोम म्हणजे आषाढीचं पंढरपूर झालं होतं, फक्त पाऊस नव्हता. तिकिटं काढल्यापासून जो भेटेल तो एकच सांगायचा, खिसे सांभाळा. कुणाच्या भाच्याचा फोन गेलेला, कुणाच्या साडूचं पाकीट. व्हेनिसमधली ती बाई "अत्तेन्त्सिओने, पिकपॉकेट" ओरडतेय ते रील तर मला निदान सात जणांनी पाठवलं. शेवटी घाबरून मी ऑनलाइन ही बॅग मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा बॅगा दहा नावांनी मिळतात आणि सगळ्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसतात.

बॅग म्हणजे खांद्यावरून तिरकी घालायची, पोटावर येणारी. काळी. पट्ट्याच्या आत स्टीलची तार आहे म्हणजे मागून ब्लेड मारून पट्टा कापता येत नाही, आणि चेनच्या टोकाला एक छोटा हुक, तो बाजूच्या कडीत अडकवला की चेन नुसती ओढून उघडत नाही. आयडिया छान आहे. पण उघडत नाही म्हणजे मलाही उघडत नाही! मेट्रोच्या तिकीट मशीनपुढे मागे वीस माणसं उभी, मशीन टिकटिक करतंय आणि मी नखाने हुक दाबतेय, मागचे एक आजोबा इतका मोठा सुस्कारा सोडत होते की मानेला वारा लागला. तिसऱ्या दिवसापर्यंत सवय झाली म्हणा. सवय व्हायला हवी असेल तर घरीच आठवडाभर भाजी आणायला हीच बॅग घेऊन जा, विमानतळावर पहिल्यांदा काढू नका.

बाकी आतलं अस्तर बरं आहे, नवीन असताना दोन दिवस रेक्झिनचा वास येतो. पुढच्या कप्प्यात मोठा फोन कव्हरसकट जात नाही, कव्हर काढलं तर जातो. घाम येतो खूप, पोटावर काळा ओला चौकोन उमटतो.

आता आरएफआयडीबद्दल. यांचं म्हणणं असं की चोर लांबूनच मशीनने तुमचं कार्ड आणि पासपोर्ट वाचतो. अहो पण आमच्या तिघांच्याही पासपोर्टात चिपच नाहीये! आपल्याकडे ई-पासपोर्ट २०२४ पासून हळूहळू द्यायला लागले, कव्हरवर खाली ते छोटं सोनेरी चिन्ह असेल तर तुमचा चिपवाला, नाहीतर ब्लॉक काय करणार डोंबल. आणि चिपवाला असला तरी पासपोर्ट उघडून त्यावरच्या खालच्या दोन ओळी वाचल्याशिवाय ती चिप आतली माहिती सोडत नाही. कार्डाचं म्हणाल तर २०२० पासून आरबीआयच्या नियमामुळे परदेशातले व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही आपल्याला ॲपमधून चालू-बंद करता येतं आणि लिमिटही लावता येतं. मी रोज सकाळी लागेल तेवढं लिमिट ठेवायचे, रात्री बंद. फुकटात. तर या एका शब्दासाठी पाच-सातशे रुपये जास्त देऊ नका, लोक तिथे मशीन घेऊन फिरत नाहीत, दोन बोटं घेऊन फिरतात.

चोरखिशाची गोष्ट अशी. बॅग आली त्या दिवशी आईंनी ती उलटीपालटी करून बघितली, किंमत विचारली, मी हजार कमी करून सांगितली तरी त्यांनी भुवया वर केल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे जाऊन चार परकरांना आतून चोरखिसे शिवून आणले. जुन्या मांजरपाटाचे, वीतभर लांब, नेफ्याच्या जरा खाली, वर झाकण आणि दोन टिचबटणं. शिलाई दोनशे रुपये, चारांचे मिळून. त्यांच्या आईची कनवटी असायची म्हणे, बाजारात गेलं की पैसे कनवटीला, हा त्याचाच पुढचा अवतार. नवऱ्यालाही पँटला आतून एक शिवून घेतला, तो आधी हसला आणि मग गुपचूप ट्रायल द्यायला गेला.

तिघांचे पासपोर्ट, एक जास्तीचं फॉरेक्स कार्ड आणि तीनशे युरो आईंच्या पोटाशी. विमानतळावर आणि हॉटेलात चेक-इनला पासपोर्ट मागितले की आई म्हणायच्या "थांबा हं", आणि टॉयलेट शोधायला निघायच्या, हा एवढाच काय तो तोटा. नंतर आम्ही शहाणे झालो, रांगेत लागायच्या आधीच काढून घ्यायचो. दिवसभर हात लावायचा नाही असंच सामान चोरखिशात ठेवायचं, रस्त्यात तिथे हात घातला की बघणाऱ्याला पत्ता कळतो. पासपोर्टाला एवढं का जपायचं तर तो गेला की आधी तिथल्या पोलिसांकडे तक्रार, त्याला ते देनुन्चा म्हणतात, मग रोममधल्या आपल्या वकिलातीत खेटे. लवकर मिळतं ते इमर्जन्सी सर्टिफिकेट, आणि त्यावर फक्त भारतात परत येता येतं, पुढची पॅरिस-बिरिस ट्रिप तिथेच संपली.

मोठ्या बॅगांची मात्र वेगळीच कथा झाली. मधल्या विमानतळावर कनेक्शनला दीड तास होता, आम्ही पळत पळत पोचलो, एक बॅग पोचली नाही. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर सामानाचा पट्टा फिरतोय फिरतोय आणि शेवटी एकच अनाथ स्ट्रोलर फिरत राहिला. त्या बॅगेत आम्ही एअरटॅग, म्हणजे सामान कुठे आहे ते फोनवर दाखवणारी चकती, टाकलेला, फोनवर बघितलं तर बॅग अजून मधल्याच विमानतळावर! काउंटरवरची बाई म्हणत होती अजून येईल, थांबा. फोन तिच्यासमोर धरला तेव्हा तिने मुकाट्याने फॉर्म काढला. तो फॉर्म, पीआयआर म्हणतात, घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पाऊल टाकू नका, सगळं त्याच्या नंबरवर चालतं. बॅग दुसऱ्या दिवशी रात्री हॉटेलवर आली. एअरटॅगला माझे पाच स्टार, नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलवर वर्षभर चालतो, पण हे लक्षात ठेवा की तो बॅग आणून देत नाही, फक्त तुम्हाला भांडायला पुरावा देतो.

नंतर वाचलं की माँट्रियल करारानुसार बॅग उशिरा आली, फुटली किंवा हरवली तर विमान कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त १,५१९ एसडीआर पर्यंत असते (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), डिसेंबर २०२४ पासून ही रक्कम वाढलीये, रुपयात तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास. पण ती आपोआप मिळत नाही, खर्चाची बिलं लागतात, आणि बॅग फुटली असेल तर ७ दिवसात, उशिरा आली असेल तर हातात मिळाल्यापासून २१ दिवसात लेखी तक्रार करावी लागते. आम्ही दोन टीशर्ट, आईंचा गाऊन आणि टूथब्रश यांची बिलं जपून ठेवली म्हणून ते पैसे मिळाले, तेही चार मेल करून.

हो, आणि कुलूप. त्या बॅगेला टीएसएवालं नंबरचं कुलूप होतं, दुकानदाराने "इंटरनॅशनल आहे मॅडम" म्हणून दिलेलं. टीएसए ही अमेरिकेची सिक्युरिटी, त्यांच्याकडे मास्टर किल्ली असते म्हणजे ते कुलूप न तोडता बॅग तपासतात, बस, एवढाच त्याचा अर्थ. त्या मास्टर किल्ल्यांचे फोटो बाहेर फुटून २०१५ मध्ये लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या बनवल्यात. आणि कुलपाला हात लावायचीही गरज नसते. माझ्या लेकाने घरीच करून दाखवलं, बॉलपेनचं टोक चेनच्या दातांमध्ये खुपसलं, चेन फाकली, आतून माझा टॉवेल काढला आणि मग कुलूपबंद रनर तसाच मागेपुढे फिरवून चेन परत मिटवली. कळतसुद्धा नाही! कुलूप लावा, पण सोनं, लॅपटॉप, औषधं त्यात ठेवू नका. पॉवर बँक तर चेक-इनच्या बॅगेत चालतच नाही, ती केबिनमध्येच.

औषधांवरूनच पुढचं रामायण झालं. बॅग एक दिवस गायब राहिल्याचा एवढा धसका घेतला आम्ही की आईंच्या सगळ्या गोळ्या, बीपीच्या, कॅल्शियमच्या, ॲसिडिटीच्या, एका निळ्या पाउचमध्ये भरून नवऱ्याच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात टाकल्या. का तर जवळ राहतील.

तिसऱ्या दिवशी रोमच्या टर्मिनी स्टेशनहून मेट्रोची ए लाइन पकडली, स्पान्याला उतरायचं होतं. दारात चढताना पुढची मुलगी अचानक थांबली, नकाशा बघतेय. चांगले कपडे, केस नीट, विशी-बाविशीची. नवरा तिच्यावर आदळला, मागून दोघी आमच्यावर. त्यातल्या एकीने एवढ्या उकाड्यात हातावर जॅकेट घेतलेलं, ते मला तेव्हा खटकायला हवं होतं. जॅकेटखालून माझ्या पोटाशी बारीकसा हिसका बसला. मांजराने पदर ओढावा तसा, एवढाच. हुकाने चेन धरली. मी खाली बघितलं आणि ओरडायचं सुचायच्या आत आईंच्या तोंडून खणखणीत "ए भवाने!" निघालं. अख्ख्या डब्याने वळून बघितलं. पुढचं स्टेशन रेपुब्लिका, तिथे तिघी शांतपणे उतरल्या, एकीने तर मागे वळून हात केला.

आम्ही खूश. बॅग वाचली, पासपोर्ट वाचले, मी नवऱ्याला सांगतेय बघ पैसे वसूल झाले की नाही, आणि तेवढ्यात त्याच्या सॅकचा पुढचा कप्पा वासलेला दिसला. निळं पाउच गायब. गुबगुबीत होतं ना, पाकीट वाटलं असणार. आईंना दोन मिनिटं विश्वासच बसेना. "माझ्या गोळ्या नेल्या मेल्यांनी, त्यांना काय बीपी झालाय?"

स्पान्याला उतरलो आणि हिरव्या क्रॉसची पाटी शोधली, तिथे औषधाचं दुकान म्हणजे हिरवा क्रॉस. नशिबाने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये होता आणि त्यावर कंपनीचं नाव नसून अम्लोडिपिन ५ असं औषधाचंच नाव होतं. इटालियनमध्ये तेच अम्लोदिपिना, फार्मासिस्ट बाईंनी चिठ्ठी बघितली, आईंकडे बघितलं, चार प्रश्न विचारले आणि एक पाकीट दिलं. कंपनीचं नाव असतं तर काय झालं असतं विचार करवत नाही. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स काढावाच लागतो आणि आम्हीही काढलेला, पण चोरीला गेलेल्या गोळ्या त्यात बसत नाहीत, फोन करून विचारलं. तेव्हा इन्शुरन्स घेताना एजंटला "औषधं गेली तर?" हा प्रश्न नक्की विचारा. त्या दिवसापासून तीन-तीन दिवसांच्या गोळ्या तिघांत वाटून घेतल्या, आईंच्या वाटच्या अर्थातच चोरखिशात.

बॅगेचे दोन स्टार का कापले ते राहिलं. सातव्या दिवशी फ्लॉरेन्सला तो हुक तुटला. ज्या हुकाने मेट्रोत लाज राखली तोच! धातूचा म्हणून छापलंय, आतून प्लॅस्टिकवर चकचकीत पॉलिश निघालं. पुढचे पाच दिवस मी कडीत सेफ्टी पिन अडकवून फिरले आणि खरं सांगते, पिनेनेही तेवढंच काम केलं. कंपनीला फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं की रिटर्नची मुदत संपली. घ्यायचीच असेल तर हुकाला नखाने खरवडून बघा, खाली पांढरं दिसलं तर दुकानातच ठेवा.

घरी आल्यावर आईंनी चारही परकर मशीनला टाकले. वाळत घालताना एकात काहीतरी कडक लागलं, बटणं उघडली तर वीस युरोची नोट, धुऊन पिळून चौपट घडी झालेली, पण अख्खी. युरोच्या नोटा कापसाच्या असतात म्हणे. आईंनी ती उन्हात वाळवली, वरून इस्त्री मारली आणि परत खिशात ठेवून टिचबटणं लावली.