पॉवर स्टिअरिंगचा रॅक: घरी बदलावा की गॅरेजमध्ये?

रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा, गाडीखालचा आडवा भाग. आधी तोच गेलाय का, ते बघा. टाय रॉडकडच्या (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याकडच्या) रबरी बूटाची, म्हणजे आवरणाची, क्लिप सैल करा. आत तेल साचलेलं असेल तर रॅकचं सील (तेल अडवणारी कडी) गेलं. बूट आतून कोरडा आणि बाहेरून तेलकट असेल, तर गळती बहुधा पंपाची किंवा पाइपची असते, आणि मग रॅकला हात लावायचं कारण नाही. आपल्याकडे शेतरस्त्यांवर फाटक्या बूटातून काळी माती आत जाते, रॅकच्या दांड्याला ओरखडे पाडते आणि तेच ओरखडे सील कापतात.

दुसरा प्रश्न गाडीच्या प्रकाराचा. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तेल नसतंच, मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावर असते आणि खालचा रॅक साधा असतो. तो घरी बदलणं तुलनेने सोपं. मोटर रॅकवरच असेल तर नवा बसवल्यावर सहसा स्कॅनर लावून सेटिंग करावं लागतं, तिथे सरळ गॅरेज गाठा. खरा निर्णय तेलाच्या रॅकवाल्यांना घ्यायचा असतो.

घरी वाचते ती फक्त मजुरी. रॅक, तेल, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) यांचा खर्च तेवढाच राहतो. गॅरेजात लिफ्टवर जे काम अर्ध्या-एक दिवसात उरकतं, त्यात घरी शनिवार-रविवार जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा गाडीखाली झोपून काम पहाटेच होतं. पण माझ्या मते निर्णायक गोष्ट जमीन आहे. अंगण मातीचं असेल तर हे काम घरी करूच नका, जॅक रुततो. सपाट काँक्रीट आणि दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) हव्यातच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

वॉरंटीचाही हिशेब करा. रॅक आणि काम एकाच गॅरेजचं असेल तर पुन्हा गळल्यास जबाबदारी त्यांचीच. घरी बसवलात तर दुकानदार म्हणणार, बसवताना चुकलं असेल.

तरीही घरीच करणार असाल, तर स्टिअरिंग सरळ ठेवून सीटबेल्टने बांधा. ते मोकळं फिरलं तर एअरबॅगची आतली गुंडाळलेली वायर तुटते. स्टिअरिंगचा दांडा रॅकला जिथे जोडतो, त्या खालच्या जॉइंटवर खूण करा, टाय रॉड एंड (टाय रॉडचं चाकाकडचं टोक) काढताना आटे मोजा, म्हणजे परत तेवढेच आटे बसवता येतील. जुनं तेल पूर्ण काढून टाका, कारण त्यातला कचरा नव्या रॅकचं सीलही खातो. नवं तेल भरल्यावर पुढची चाकं उचललेली ठेवून, इंजिन बंद असताना, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवत राहा. स्टिअरिंग तेलाच्या टाकीतले बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा. स्प्लिट पिन नव्या घाला, नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) आवळा.

रॅक नवा घ्यावा की जुना? भंगारातला घेऊ नका, त्याच्या सीलचं वय कुणालाच माहीत नसतं. नवा परवडत नसेल तर लेखी वॉरंटी असलेला रिकंडिशन्ड घ्या.

मोजलेले आटे गाडीला जवळच्या अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेतात, तेवढंच त्यांचं काम. गावात ती सोय नसेल तर जळगाव-धुळ्यापर्यंत हळू चालवत न्या. अलाइनमेंट होईपर्यंत वळणावळणाच्या कन्नड घाटाकडे गाडी वळवू नका.