ओझोनसाठी एक इंची स्टॅटिक मिक्सर: घ्या, पण पीळ आणि माप बघून

बाटलीबंद पाण्यातले जंतू मारायला त्यात ओझोन वायू मिसळतात. अशा ताशी 2000 लिटरच्या प्लांटसाठी एसएस 316 (स्टेनलेस स्टील) चा, सहा पात्यांचा हा मिक्सर. मोटार नाही, फिरणारा भाग नाही. पिळाची पाती पाणी दुभागत, उलटंपालटं करत पुढे सोडतात, वायूचे बुडबुडे फुटून बारीक होतात आणि ओझोन लवकर विरघळतो.

लवकर, जास्त नव्हे. पाण्यात किती ओझोन मावणार हे वायूतलं त्याचं प्रमाण, दाब आणि पाण्याचं तापमान ठरवतं. हवेवर चालणाऱ्या, एक-दोन टक्के ओझोन देणाऱ्या जनरेटरपुढे मिक्सर तरी काय करणार? तिथे आधी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर पैसे घाला.

विकत घेताना टॉर्च मारून आत बघा. एक पातं उजव्या पिळाचं, पुढचं डाव्या, आणि जोडावर दोन्ही काटकोनात हवीत. सगळी पाती एकाच दिशेला पिळलेली असली तर पाणी नुसतं गरगरतं. जड पाणी कडेला जातं, हलका वायू मधोमध गोळा होतो. म्हणजे मिसळायला घेतलेली वस्तू चक्क वेगळं करायला लागते! क्लॅम्प खोलून पाती बाहेर काढता येणारा नमुना धुवायला बरा.

मापाची चूक सर्रास होते. एक इंची पाईपात 2000 लिटरला सेकंदाला साधारण एक मीटर वेग मिळतो, आणि तेवढा हवाच. ‘पुढे प्लांट वाढवू’ म्हणून दीड इंची बसवला की वेग निम्म्याखाली येतो आणि बुडबुडे वर तरंगून पुन्हा एक होतात. शक्यतो उभा बसवा, पाणी खालून वर.

क्रम असा: पंप, व्हेंच्युरी (पाण्याच्या वेगाने वायू ओढून घेणारी अरुंद गळ्याची नळी), लगेच मिक्सर, मग कॉन्टॅक्ट टँक, म्हणजे ओझोन आणि पाणी एकत्र थांबतात ती टाकी. जंतू मरायला लागणाऱ्या चार मिनिटांच्या संपर्कासाठी साधारण 135 लिटरची टाकी लागते. ती वाचवायला मिक्सर घेत असाल तर घेऊ नका. मिक्सरमुळे व्हेंच्युरीवर मागून दाब येतो. प्रवाह दुप्पट केला तर दाबाची घट चौपट होते, व्हेंच्युरीची ओढ कमी पडते आणि वायूच्या रोटामीटरचा (प्रवाह दाखवणाऱ्या काचनळीचा) गोळा खाली बसतो. मागून पाणी जनरेटरच्या नळीत शिरलं तर नळी गेलीच, म्हणून वायूच्या लाइनला एनआरव्ही (एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) आणि टाकीच्या पातळीपेक्षा उंच वळसा, दोन्ही द्या. गॅस्केट टेफ्लॉन किंवा व्हिटॉनचं. नायट्राइल रबर ओझोनने तडकतं. टाकीच्या डोक्यावरचा उरलेला वायू डिस्ट्रक्टरमधून (ओझोन नष्ट करणाऱ्या उपकरणातून) बाहेर सोडा, खोलीत नको.

मिक्सर बसल्यावर ओझोन वाया कमी जातो, म्हणून जनरेटरची जुनी सेटिंग तशीच ठेवू नका. भरण्याच्या जागी लिटरला 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम ओझोन मिळेपर्यंत डोस उतरवत आणा. बोअरच्या पाण्यात ब्रोमाइड असेल तर हे जास्तच जपायचं, कारण जादा ओझोनने ब्रोमेट हे घातक रसायन तयार होतं आणि त्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम एवढीच आहे.