ऑडिटरी ब्रेनस्टेम इम्प्लांट: वर्षभराच्या वापरानंतर एका आईचा अनुभव

मुलीच्या डोक्यावर चुंबकाने चिकटलेली कॉईल दिसली की लोक विचारतात, "कॉक्लिअर का?" नाही, हे एबीआय, म्हणजे ऑडिटरी ब्रेनस्टेम इम्प्लांट. कॉक्लिअरचे (कानाच्या आत बसवायच्या इम्प्लांटचे) व्हिडिओ बघून यातून काय मिळेल याचा अंदाज बांधू नका, एवढ्यासाठीच हे लिहितेय.

कॉक्लिअरच्या इलेक्ट्रोड (विजेचे बारीक संकेत देणारी टोकं) कानातल्या शंखात बसतात, पण तिथून पुढे मेंदूपर्यंत आवाज न्यायला नस लागते. आमच्या मुलीच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना ती नसच दिसली नाही. शंख मुळात तयारच झाला नसेल, किंवा मेंदुज्वरानंतर आतून हाडासारखा भरून गेला असेल, तरी याच दाराशी येऊन उभं राहावं लागतं. एबीआयमध्ये इलेक्ट्रोडची छोटी पट्टी थेट ब्रेनस्टेमवर (मेंदूच्या बुंध्यावर), तिथल्या कॉक्लिअर न्यूक्लियस या आवाजाच्या पहिल्या केंद्रावर ठेवतात. म्हणजे कवटी उघडून केलेली शस्त्रक्रिया. मेंदूभोवतालचं पाणी गळणं, जंतुसंसर्ग हे धोके सही करण्याआधी नीट समजून घ्या.

हे तंत्र मुळात मुलांसाठी नव्हतंच. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला हाऊस आणि हिट्सेलबर्गर या डॉक्टरांनी पहिलं एबीआय बसवलं, ते श्रवणाच्या नसेवर गाठी होणाऱ्या एनएफ-२ या आजाराच्या प्रौढ रुग्णाला. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली तीही एनएफ-२ असलेल्या, १२ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. गाठ नसलेल्या लहान मुलांमध्ये त्याच सुमारास इटलीतल्या व्हेरोनात कोलेट्टी या सर्जननी सुरुवात केली.

टाके सुकल्यावर काही आठवड्यांनी स्विच ऑन झालं, तेही हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, कारण हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी व्हेगस नस तिथून जवळच आहे. एकेक इलेक्ट्रोड तपासताना कुठे खोकला आला, कुठे गाल थरथरला. अशा इलेक्ट्रोड बंद ठेवतात. पट्टीवरच्या सगळ्या कामाला येत नाहीत, हे आम्हाला आधी सांगितलं होतं म्हणून धक्का बसला नाही. खरी डोकेदुखी वेगळीच. शंखात जाड-बारीक आवाजांचा क्रम ठरलेला असतो. ब्रेनस्टेमवर पट्टी ठेवल्यावर तसा भरवसा नाही. कोणती इलेक्ट्रोड जाड ऐकवते आणि कोणती बारीक, हे मोठा माणूस सांगू शकतो. आमचं पोर कसं सांगणार? म्हणून मॅपिंग (कोणत्या इलेक्ट्रोडला किती करंट द्यायचा ते ठरवणं) म्हणजे तिच्या चेहऱ्याकडे बघत, थोडं थोडं वाढवत जाणं. फार सावकाश चालतं.

सुरुवातीचे महिने काहीच नाही. कॉईल ओढून काढणं, एवढंच. मग एकदा दार आपटलं आणि ती थबकली. आता दाराची बेल, कुत्र्याचं भुंकणं ओळखते. खोली शांत असेल तर हाकेला वळते, गडबडीत नाही. रोज आम्ही आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज तोंड झाकून म्हणून बघतो. आ आणि ऊ लवकर आले, स अजून हुकतो. आवाज आला हे कळतं, पण कोणता आला हे दर वेळी कळत नाही. ओठ दिसत असले की मात्र फरक पडतो, नुसत्या ओठांवरून निसटणारे शब्द ती आता पकडते. स्वतःचा आवाजही आवरायला लागली आहे. पूर्वीची ती एकसुरी किंचाळी जवळजवळ गेली. (शेजारच्यांना हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.)

बोलणं? मोजके शब्द, तेही घरच्यांनाच समजणारे. काही मुलं ओठ न बघता वाक्यं समजण्यापर्यंत पोचतात, पण ती थोडीच, आणि त्याला वर्षं लागतात. एका थेरपिस्टबाईंनी सांगितलं होतं की खुणा बंद करा, नाहीतर मूल ऐकायचा आळस करेल. आम्ही ऐकलं नाही. आंघोळीला आणि झोपताना मशीन काढलं की तिच्यासाठी जग पुन्हा बंद. तेव्हा काय, गप्प बसायचं? तिची खरी बडबड, प्रश्न, भांडणं, सगळं अजून खुणांच्या भाषेतच चालतं.

किरकोळ त्रास: पळताना कॉईल पडते. जोरदार चुंबक लावलं तर कातडी लाल होते, म्हणून कमी ताकदीचं घेतलं आणि केसांना क्लिप लावली. घामाचे दिवस असले की प्रोसेसर (बाहेरचं, आवाज पकडणारं मशीन) रात्री सुकवणीच्या डबीत. आत चुंबक आहे, त्यामुळे पुढे कधीही एमआरआय सुचवला तर आधी इम्प्लांटचं कार्ड दाखवा.

ज्यांच्या मुलाला नस बारीक का होईना पण आहे, त्यांनी आधी कॉक्लिअरबद्दल विचारावं. बरेच डॉक्टर तेच आधी करून बघतात. ज्यांना एबीआयच सांगितलंय, त्यांनी सर्जनइतकीच मॅपिंग करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टची चौकशी करावी: लहान मुलांची एबीआय त्यांनी हाताळली आहेत का, आणि पुढची कित्येक वर्षं तुम्हाला तिथे जाणं जमणार आहे का. आमच्या पुढच्या मॅपिंगला बंद ठेवलेली एक इलेक्ट्रोड पुन्हा तपासणार आहेत.